गंगा की ब्रह्मपुत्रा

नदीतल्या बोटीवर आठ दिवस राहायचं, ही कल्पना आमच्या मुलीची. ती वाकडला राहते, आयटीत आहे. हे चाकणच्या कारखान्यातून रिटायर झाले तेव्हा ती म्हणाली, "आई, लग्नं आणि मयती सोडून तुम्ही दोघं कुठं गेला नाहीत. आता जा. कुठल्या नदीवर जायचं, तेवढं तुम्ही ठरवा."

माझं ठरलेलंच होतं. कोलकात्याहून निघालेली बोट गंगेतून पाटण्यापर्यंत जायची, रोज एका गावाला उतरवायची आणि शेवटी बसनं बोधगया दाखवायची. थेरगावच्या आमच्या विहारातल्या बायका पूर्वी एकदा मिळून बोधगयेला गेल्या होत्या. त्या वर्षी मुलीची दहावी आणि यांची सेकंड शिफ्ट, म्हणून मी राहिले. परत आल्यावर प्रत्येकीनं वहीत जपून आणलेलं बोधिवृक्षाचं पान दाखवलं. मी प्रत्येकीचं पान हातात घेऊन बघितलं.

वाकडच्या ट्रॅव्हल ऑफिसातल्या बाईंनी आमच्यापुढं एक कागद ठेवला. तुम्हाला प्रवासात काय आवडतं? रोज उतरून गाइडकडून इतिहास ऐकायला, की डेकवर निवांत बसून नदी बघायला? मी पहिल्यावर खूण करणार, तेवढ्यात यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं.

"आसाम," हे म्हणाले. "ब्रह्मपुत्रा."

"तिथं काय आहे?"

"पाणी आहे. पक्षी आहेत."

उभ्या संसारात यांनी कशाला नाही म्हटलं नव्हतं. भाजी कुठली, सोफा कुठला, मुलीचं कॉलेज कुठलं, सगळ्याला 'हो, तू म्हणशील तसं.' आणि आता एकदाच मी काही मागितलं तर हे! स्कूटरवर मागे बसून डांगे चौकापर्यंत मी बोलत राहिले. हे आपले गाडी चालवत राहिले. घरी आल्यावर मी समोर उभी राहिले. "तुमच्या शिफ्टवर माझी झोप, माझा स्वयंपाक, माझे सण. माझ्यासाठी आठ दिवस नाही निघत तुमच्याकडून?"

"मग तू जा," ते म्हणाले. "मी येत नाही."

आठवडाभर आमच्यात जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं होतं.

मुलीच्या हे लक्षात आलं. एका रविवारी तिनं आम्हा दोघांना भाज्याच्या लेण्यांना नेलं. दहा-बारा जणांचा ग्रुप होता, सोबत माहिती सांगणारा एक उत्साही तरुण. चैत्यगृहात तो लाकडी फासळ्यांबद्दल सांगत होता. हे मान वर करून छत बघत होते. त्यानं यांनाच विचारलं, "काका, तुम्ही सांगा, दगडाच्या लेण्यात लाकूड कशाला बसवलं असेल?"

हे हसले. "हो, हो. फारच छान."

सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "काका ध्यानाला बसलेत." मीही हसले. मग यांच्याकडं बघितलं. हे एकेकाच्या तोंडाकडं बघत होते आणि ज्याच्या-त्याच्या हसण्याएवढं आपलं हसू कमीजास्त करत होते.

पायऱ्या उतरताना मी मागून हाक मारली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा ओरडून. हे उतरतच राहिले. मी पुढं जाऊन वाट अडवली.

"कधीपासून?"

ते पायरीकडं बघत म्हणाले, "कंपनीत असल्यापासून. डावा कान तर कधीचाच गेला. उजव्यात थोडं येतं."

प्रेस शॉपमध्ये दिवसभर पत्रे ठोकणाऱ्या मशिनी. दरवर्षी कान तपासायचे, काचेच्या खोलीत बसवून. आवाज आला की बटण दाबायचं. हे काचेत तपासणाऱ्याच्या हाताचं प्रतिबिंब बघून बटण दाबायचे. "नाहीतर लाइनवरून काढून कुठंतरी बसवलं असतं. तेव्हा लपवलं, मग सवयच झाली. त्या गंगेच्या बोटीवर रोज नवा गाइड, जेवायला रोज नवी माणसं. आठ दिवस मी असंच हसत बसायचं?"

म्हणजे त्या सगळ्या 'हो, तू म्हणशील तसं'मध्ये किती माझं ऐकून म्हटलेले होते? हे मी विचारलं नाही. आजवर विचारलेलं नाही.

आसामचं बुकिंग मी स्वतः केलं. डॉक्टरांनी कानाचं मशीन दिलं, पण त्यात भांड्यांचा आवाजच जास्त येतो म्हणून हे ते काढून खिशात ठेवायचे. बोटीवर हे खूश होते. नदीतला डॉल्फिन वर आला की सगळ्यांच्या आधी यांना दिसायचा. मी शेजारी बसून पाणी बघायचे आणि मनात हिशेब चालायचा, आज गंगेवरची बोट कुठल्या गावाला लागली असती. मग स्वतःचीच लाज वाटायची.

तिसऱ्या दिवशी जेवताना नागपूरच्या एक बाई मला म्हणाल्या, "तुमचे मिस्टर फारच शिष्ट आहेत हो, नमस्कारालाही उत्तर देत नाहीत."

"त्यांना ऐकू येत नाही," मी बोलून गेले.

मी काय बोलले ते माझ्या ओठांवरून यांना कळलं. ताट अर्धं टाकून ते उठले. केबिनमध्ये गेले ते संध्याकाळच्या चहालाही आले नाहीत. मी दारात उभी राहून माफी मागितली, तेव्हा ते भिंतीकडं तोंड करून पडले होते.

दुसऱ्या दिवशी मी एकटीच नाश्त्याला गेले. थोड्या वेळानं हे आले, कानात मशीन घालून. माझ्या शेजारची खुर्ची सोडून थेट त्या बाईंच्या समोर जाऊन बसले.

"ताई, माझा डावा कान गेलाय," ते जरा मोठ्यानंच म्हणाले. "समोर बघून, सावकाश बोला. कालचं काय म्हणत होता?"

बाई गोऱ्यामोऱ्या झाल्या. मग नदीकडं बोट दाखवून काहीतरी सांगू लागल्या. हे वाकून ऐकत होते. माझ्याकडं त्यांनी एकदाही बघितलं नाही.