शारदाक्कांच्या अंगणातला उजेड

शारदाक्का तक्रार घेऊन आल्या तरी रिकाम्या हातांनी येत नसत. पहिल्यांदा आल्या तेव्हा हातात कढीपत्त्याची जुडी होती. आधी माझ्या बायकोची, मुग्धाची चौकशी झाली, मग पुण्याच्या आईची. निघताना पायरीवर वळून म्हणाल्या, "तो दिवा स्वल्प खाली वळवता का? आमच्या अंगणात फार येतोय."

मल्लेश्वरममधल्या त्या गल्लीत आम्ही नवे होतो. स्कूटरचे आरसे चोरीला गेले म्हणून मी कंपाउंडच्या भिंतीवर दोन फ्लडलाइट बसवले होते. अंधारू लागलं की आपोआप लागणारे. अक्कांचं बैठं घर शेजारीच. तीन पिढ्या बंगळुरात काढलेलं मराठी कुटुंब. त्या निवृत्त शिक्षिका, त्यांचे यजमान रघुअण्णा सरकारी कारखान्यातले निवृत्त इंजिनिअर. अक्कांचं मराठी कन्नडच्या हेलात चालायचं आणि दर वाक्य "सरी?" वर येऊन थांबायचं, वर्गात सगळ्यांना कळलं ना, हे पाहावं तसं.

"नक्की, अक्का," मी म्हणालो. आणि विसरलो.

दुसऱ्यांदा चित्रान्नाचा डबा आला. "यांच्या डोळ्यांना सोसत नाही हो," एवढंच म्हणाल्या. चित्रान्न आम्ही चवीने खाल्लं. तिसऱ्यांदा त्या बिसीबेळे भाताचा मसाला घेऊन आल्या, तेव्हा माझी मीटिंग चालू होती. हेडफोन न काढताच मी म्हणालो, "अक्का, सेफ्टीसाठी आहेत ते. तुम्ही पडदा लावा ना."

"सरी," त्या म्हणाल्या. या वेळी त्यात प्रश्न नव्हता.

पुढे अक्का त्या कामासाठी आल्याच नाहीत. रस्त्यात भेटल्या की हसायच्या. मला वाटलं, विषय मिटला.

वर्षभराने रघुअण्णा गेले. आम्ही दोघं संध्याकाळी भेटायला गेलो. त्या घरात आमचं ते पहिलंच जाणं. अंगणात फणसाखाली खुर्च्या मांडल्या होत्या. बसवनगुडीहून आलेली त्यांची मुलगी सांगत होती: काचबिंदूच्या ऑपरेशननंतर अण्णांना ऊन अजिबात चालत नसे. म्हणून दिवस मावळला की अक्का त्यांना इथे आणून बसवायच्या. सकाळी पेपर वाचून बातम्या ध्यानात ठेवायच्या आणि अंधारात त्यांना सांगायच्या, क्रिकेटच्या धावांसकट. "तेवढाच एक तास ते बाहेर असायचे. शेवटचं वर्ष मात्र खोलीतच..."

तेवढ्यात माझे दिवे लागले.

अंगणभर पांढराफटक उजेड पसरला. समोरच्या एका म्हाताऱ्या बाईंनी पदर डोळ्यांवर ओढला. माझाही हात आपोआप डोळ्यांसमोर गेला. माझ्याकडे कोणीही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

मी उठलो, घरी जाऊन दिवे बंद केले. परत आलो तर अक्का फाटकापाशी उभ्या होत्या.

"अक्का, मी..."

"छे, तुम्हाला काय माहीत," त्या हळूच म्हणाल्या. "मी चौथ्यांदा यायला हवं होतं. मलाच मेलीला लाज वाटली."

दिवे मी दुसऱ्या सकाळीच उतरवले. महिन्याभरात मुलगी अक्कांना बसवनगुडीला घेऊन गेली. तिथून त्या अजून मुग्धाला फोन करतात, माझी आठवणीने विचारपूस करतात. मुग्धा फोन माझ्यापुढे धरते, आणि मी हातानेच खूण करतो, नंतर.