सेफ्टीकाका आणि बत्तीस बोअर

सेफ्टीकाका कुणाच्याही घरी गेले की आधी बाहेर पडायचा रस्ता बघून ठेवत. यजमानीण पाण्याचा पेला घेऊन पुढे आली तरी त्यांची नजर दारं, खिडक्या, गॅसची नळी असा फेरफटका मारून परत येईपर्यंत तिला तसंच उभं राहावं लागे. मग ते मान हलवत आणि बसत, तेही दाराजवळच्या खुर्चीत. आमच्या घरच्या गणपतीला आले की पाण्याची बादली शेजारी ठेवल्याशिवाय आरती सुरू होऊ देत नसत. त्यांना एक चांगलं भारदस्त नाव होतं, पण ते फक्त पासपोर्टवर उरलं होतं. शारजातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते आमच्या शेजारी राहायचे आणि दुबईतल्या रास अल खोरच्या एका गोदामात सेफ्टी ऑफिसर होते. मी चार वर्षांची असल्यापासून ते माझे सेफ्टीकाकाच.

त्यांच्या धंद्याचा एक पाठ होता, तो ते येताजाता म्हणून दाखवत. "धोका दिसला की आधी तो काढून टाका. नाही जमलं तर त्याच्याजागी दुसरं काही वापरा. तेही नाही तर मध्ये आडोसा घाला. मग माणसांना नियम शिकवा. आणि यातलं काहीच जमलं नाही, तर शेवटी हेल्मेट. हेल्मेट सगळ्यात शेवटी, कळलं का मधुरा?" मी सात वर्षांची असताना मला सायकल आणली तेव्हा बाबांनी कौतुकाने त्यांना विचारलं, हेल्मेट कुठलं घेऊ? काकांनी पहिल्याच पायरीवर काम खलास केलं. सायकल दुकानात परत गेली. मला आजही सायकल येत नाही.

अशा माणसाने, मी नुकती नोकरीला लागले होते त्या वर्षी, पिस्तूल घ्यायचं ठरवलं, यावर आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा विश्वास बसला नसता. म्हणून त्यांनी ते फक्त आम्हाला सांगितलं.

कारण मात्र खरं होतं. वाईजवळच्या गावात त्यांनी बंगला बांधला होता. दर सुट्टीत थोडा थोडा करून, दहा वर्षं. राहणं व्हायचं वर्षाला तीन आठवडे, बाकीचे दिवस कुलूप. ते कुलूप एका पावसाळ्यात कुणीतरी फोडलं. नळ काढून नेले, सिलिंडर नेला, पंखे उतरवले आणि जाताना देवघराचं दार तेवढं सभ्यपणे लोटून घेतलं. काकूंनी ते सगळं व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "अहो, त्या घरात मला झोप येणार नाही. मी नाही जायची तिकडे." काकू शारजात दार नुसतं लोटून खालच्या ग्रोसरीत जाणाऱ्या बाई. काकांच्या नोकरीची दोन वर्षं उरली होती. नोकरी संपली की व्हिसा संपतो, मग इथे राहता येत नाही. तिथे काकू राहणार नाहीत. मूलबाळ नव्हतं, तिसरं घर कुठलं नव्हतं.

तेव्हा पिस्तूल. पण हा शब्द इथे फोनवर उच्चारायची काकांची छाती होत नसे. या देशात असल्या विषयावर नुसतं बोललं तरी आपल्याला विमानात बसवून देतील अशी त्यांची खात्री होती. म्हणून त्यांनी त्याचं नाव ठेवलं 'भांडं'. "मधुरा, भांड्याचं जरा गूगल कर ना. पण ऑफिसच्या वायफायवर नको हं." गावाकडच्या भाच्याला ते फोनवर विचारत, "बत्तीसचं भांडं किती वजनाचं असतं रे?" माझ्या आईची एक मैत्रीण एकदा आमच्याकडे आली होती. तिने भिंतीपलीकडून हे ऐकलं आणि काकू मीना बाजारातून स्टीलचा मोठा सेट घेतायत असं सगळीकडे सांगितलं.

निवड करायची म्हणजे काकांच्या दृष्टीने तक्ता करायचा. त्यांनी तो केला. उभ्या रकान्यांत धोके, आडव्या ओळींत भांडी. रिव्हॉल्व्हर साधं, सहा गोळ्या, अडकत नाही, पण चाप जड. पिस्तुलाचा चाप हलका, गोळ्या जास्त, पण सेफ्टीचा खटका लावलाय की काढलाय ते घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. आखूड नळीचं हाताळायला सोपं, पण नेम चुकतो. लांब नळीचा नेम बरा, पण चोराने नळीच धरली तर? भारतात सामान्य माणसाला परवानगी मिळते ती बत्तीस बोअरसारख्या मोजक्याच प्रकारांना, त्यामुळे तक्ता खरं म्हणजे चार ओळींत संपायला हवा होता. तो अकरा पानांचा झाला.

चाप जड म्हणजे किती जड, हे काकांना जाणून घ्यायचं होतं, कारण वेळ आली तर काकूंनाही तो ओढता यायला हवा. काकूंच्या बोटांना संधिवात, कुकरचं झाकण उघडायला त्या आमच्याकडे येत. काकांनी बॅगा तोलायचा तो हातातला काटा काढला. तो तर आखातातल्या प्रत्येक घरात असतोच. तो त्यांनी बेडरूमच्या दाराच्या मुठीला अडकवला आणि म्हणाले, "अगं, एका बोटाने ओढ." काकूंनी ओढलं. काटा दीड किलोवर थांबला. "रिव्हॉल्व्हरला पाच लागतात," काका म्हणाले. "मग चोराला सांगा, दीड किलोचाच ये," काकू म्हणाल्या आणि बोट चोळत स्वयंपाकघरात गेल्या. काकांनी तक्त्यात नोंद केली.

पुढची पायरी म्हणजे प्रत्यक्ष अनुभव. तासाभरावर एक शूटिंग रेंज होती, तिथे पैसे भरून शिक्षकाच्या देखरेखीखाली कुणालाही गोळ्या झाडता येतात. बाबांनी गाडी काढली, मी आणि माझा धाकटा भाऊ मागे बसलो. "दोनशे दिरहम! म्हणजे जवळजवळ पाच हजार रुपये, आणि दहाच गोळ्या," काका वाटेत दोनदा म्हणाले. आत गेल्यावर त्यांनी आधी आग विझवायच्या नळकांड्यांवरच्या तारखा तपासल्या. मग कानांवर ते मोठं कव्हर चढवलं, चष्म्यावर चष्मा घातला, आणि दहाच्या दहा गोळ्या डोळे घट्ट मिटून झाडल्या. फिलिपिनो शिक्षक दर गोळीला नम्रपणे म्हणत होता, "सर, आईज ओपन प्लीज." कागदावर एकही भोक पडलं नाही. "अंकल, यू मिस्ड द होल पेपर," माझा भाऊ म्हणाला. काका जराही ओशाळले नाहीत. "चोराला कुठे ठाऊक आहे? आवाज तर झाला ना," म्हणाले.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी मॉक ड्रिल झालं. गोदामात ते दर महिन्याला करत, तसंच घरी. नियमाप्रमाणे भांडं कुलुपात, गोळ्या वेगळ्या कुलुपात, किल्ल्या तिसऱ्याच जागी. भांड्याच्या जागी टीव्हीचा रिमोट, गोळ्यांच्या जागी काजू. काका पलंगावर झोपले, काकू चोर झाल्या, मी घड्याळ घेऊन उभी राहिले. काकूंनी दार वाजवलं. काका उठले, चष्मा शोधला, किल्ली शोधली, कपाट उघडलं, दुसरी किल्ली शोधली, काजू मोजले, एक खाली पडला तो वाकून उचलला आणि बाहेर आले. चार मिनिटं वीस सेकंद. तोपर्यंत चोराने आमच्यासाठी चहा टाकला होता.

"किल्ल्या एकत्र ठेवल्या तर दोन मिनिटं वाचतील," काका धापा टाकत म्हणाले.

काकूंनी कप पुढे केला. "मी एक विचारू? तुमचं ते भांडं म्हणजे पाठातलं हेल्मेट ना? सगळ्यात शेवटचं? मग आधीच्या चार पायऱ्या कुठे गेल्या? तीस वर्षं ऐकतेय मी. धोका आधी काढून टाका म्हणता, तर धोका काय आहे ते तरी लिहिलंत का कुठे?"

अकरा पानांच्या तक्त्यात ते कुठेच नव्हतं. काकांनी चहा घेतला आणि तक्ता मिटून ठेवला. मला त्यांची फार दया आली.

पण माणूस हट्टी. सुट्टीत गावी गेले आणि परवान्याच्या चौकशीला थेट पोलीस ठाण्यात. तिथल्या साहेबांनी नीट ऐकून घेतलं आणि दोनच प्रश्न विचारले. तुम्हाला धोका कोणापासून आहे? आणि गावात तुमची ओळख देतील अशा दोन माणसांची नावं सांगा. काका दुबईची पन्नास कागदपत्रं घेऊन गेले होते. या दोन ओळी भरायला त्यातलं एकही उपयोगी नव्हतं. परत आल्यावर आमच्या सोफ्यावर, दाराजवळच्या टोकाला बसून ते बाबांना म्हणाले, "तीस वर्षं झाली हो. मला जामीन राहील असा माणूस नाही तिथे. आणि माझ्या जिवावर उठेल असाही नाही. मारायला तरी ओळख लागते ना." बाबा हसले, पण काका उठून गेल्यावर आईला म्हणाले, आपलं तरी काय वेगळं आहे.

दोन वर्षं सरली. काकांची नोकरी संपली. निरोपाला गोदामाने त्यांना एक सोनेरी हेल्मेट दिलं. काकू शेवटच्या दिवसापर्यंत म्हणत होत्या, "सहा महिने बघते. झोप नाही लागली तर पुण्याला बहिणीकडे जाईन. यांनी राहावं एकट्याने बंगल्यात, भांडं घेऊन." त्या चेष्टेने म्हणत नव्हत्या. विमानतळावर काकांनी मला जवळ घेतलं आणि कानात सांगितलं, "एक्झिट कुठे आहे ते आधी बघावं, मधुरा. मी सगळीकडे बघितलं, फक्त इथून निघाल्यावर जायचं कुठे ते बघायचं राहिलं." मी त्यांच्या शर्टात तोंड लपवून रडले.

तीन महिन्यांनी त्यांचा फोन आला. आवाजात असा आनंद की मला वाटलं, लॉटरी लागली.

"मधुरा! मला धमकी मिळाली!"

शेजारचे बबनतात्या. त्यांनी कडब्याची गंजी काकांच्या भिंतीला लागून, विजेच्या तारेखाली रचली होती आणि संध्याकाळी तिला टेकून ते बिडी ओढत. काकांनी पहिल्याच आठवड्यात गंजीभोवती पिवळी-काळी पट्टी गुंडाळली आणि 'धूम्रपान सक्त मनाई' अशी पाटी लावली. तात्यांनी दूध डेअरीसमोर दहा माणसांत ललकारलं, "आरं ए दुबईवाल्या! तुझ्या पट्टीलाच काडी लावतो आन् तुला बी बघून घेतो!" दहा साक्षीदार, धमकी सुस्पष्ट. काका म्हणाले, आता अर्ज करायला हरकत नाही, तू दिवाळीला आलीस की बसून टाइप करू.

दिवाळीला मी गेले. गंजी हलली होती, पण चारच हात, आणि ती हलवताना काकांनी हात लावला होता असं काकू म्हणाल्या. काकांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनला साताऱ्याला नेलं ते तात्यांनीच, जीपमधून, वाटभर शिव्या घालत. तेव्हा चार दिवस काकू एकट्या होत्या तर तात्या न विचारता ओसरीवर घोंगडी टाकून झोपले. "आता भीती नाही वाटत?" मी विचारलं. काकू करंज्या तळत होत्या. "शेजारी तो खोकतो ना बिडीमुळे. तेवढं ऐकू आलं की मला झोप लागते," त्या म्हणाल्या.

दुपारी आम्ही अर्ज घेऊन बसलो. लॅपटॉप मांडीवर, काका शेजारी, काळा चष्मा लावून. नाव, गाव, वय भराभर झालं. मग ओळख देणाऱ्या पहिल्या इसमाचं नाव. "बबन," काका म्हणाले, "लिही, पुढे पूर्ण नाव सांगतो." लिहिलं. मग धोका कोणापासून, त्या इसमाचं नाव. मी बोटं तयार ठेवून थांबले.

"काका? दहा साक्षीदार आहेत ना?"

"आहेत."

"मग तात्यांचंच नाव घालायचं ना?"

बाहेरून तात्यांचा आवाज आला, "वैनी, च्या टाका, मी आलोया." काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"राहू दे गं," ते म्हणाले. "पोलीस उद्या त्याला ठाण्यात बोलावतील. आणि एकच तर माणूस आहे."

मी अर्ज बंद केला. तात्या आत येऊन दाराजवळच्या खुर्चीत बसले, आणि काका पहिल्यांदाच माझ्यासमोर खोलीच्या आतल्या बाजूला, भिंतीकडच्या खुर्चीत जाऊन बसले. दोघांनी चहा पिता पिता गंजीवरून पुन्हा भांडण उकरून काढलं.

आता मी दुबईत एकटी राहते, चांगल्या कंपनीत आहे, दाराला कडी लावते न लावते. अठ्ठाविसाव्या मजल्यावर शेजारी कोण आहे ते मला माहीत नाही. तो खोकतो का, तेही माहीत नाही. आयुष्यात मला अजून कुणी बघून घेईन म्हटलेलं नाही. इथे नाही, आणि तिथेही नाही.