गुडघ्यातली वाटी

डॉक्टरांनी क्ष-किरणांची फिल्म उजेडासमोर धरली आणि शेजारच्या शिकाऊ मुलीला म्हणाले, "पटेला. सरळ दोन तुकडे."

माझे यजमान आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या जिन्यावरून गुडघ्यावर पडले होते. नारायण पेठेतल्या शाळेत मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवले. अनोळखी शब्द माझ्याकडे सोपवायची त्यांना सवय होती.

"बाई, अर्थ सांगा," ते खाटेवरून म्हणाले.

मी सांगितला. पटेला हा लॅटिन शब्द मुळात हाडाचा नव्हे, स्वयंपाकघरातला. पटिना म्हणजे पसरट, उथळ भांडे; पटेला हे त्याचे लघुरूप, म्हणजे लहानशी ताटली. पटिनाचे नाते कोणी 'उघडे असणे, पसरणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदाशी जोडतात, तर कोणी तो शब्द ग्रीकांकडून आला असे मानतात. पुढे शरीररचना अभ्यासणाऱ्यांना गुडघ्यावरचे ते गोलसर हाड ताटलीसारखे दिसले आणि नाव चिकटले.

"आपण वाटी म्हणतो," ते म्हणाले. "म्हणजे रोमन वैद्य काय आणि आपला हाडवैद्य काय, दोघांना भांडंच दिसलं. दोघेही जेवायच्या वेळेला बोलावलेले असणार."

मग मी पुढचेही सांगितले. रोमन घरांत गृहदेवतांचा वाटा अशाच ताटलीत काढून ठेवीत.

"म्हणजे चित्राहुती की!"

चित्राहुती ते मुंजीपासून घालत आले होते. पाटावर बसायचे, ताटाभोवती पाण्याची धार फिरवायची, उजव्या हाताला जमिनीवर भाताची थोडी शिते ठेवायची, आणि मगच पहिला घास घ्यायचा. देवपूजेचे त्यांना फारसे प्रेम नव्हते. पण आपल्याआधी दुसऱ्या कुणासाठी तरी अन्न निघाले पाहिजे, याबद्दल ते काटेकोर होते.

तार घालून हाड जोडले. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले की जमिनीवर बसणे आता कायमचे बंद.

तोवर वर्तमानपत्रे आणि इस्त्रीचे कपडे ठेवण्यापुरते असलेले टेबल मी रिकामे केले. "अहो, टेबलावर बसा."

"टेबलावर? मग ताट खुर्चीवर ठेवणार का?"

पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने पाणी फिरवले. ते सनमायकावरून घरंगळत कडेला गेले आणि त्यांच्या बांधलेल्या पायावर ठिबकले. शिते उचलण्यासाठी पुढे झालेला हात त्यांनी मागे घेतला. त्या दिवशी निम्मे जेवण ताटात राहिले. पुढेही रोज तसेच. जखम भरायला अन्न पोटात जायला हवे होते, आणि हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालला होता.

मी एक लहान ताटली त्यांच्या उजव्या हाताशी ठेवली. "यात घाला. रोमन घालतच होते ना?"

"त्यांना चालत असेल. मला जमिनीवर ठेवायचंय."

"मी ठेवते खाली, तुमच्या वतीने."

"माझ्या वतीने जेवतेसही का?"

एका दुपारी मी औषधे आणायला गेले होते. परतले तेव्हा ते स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले होते. पाट काढलेला, दुखरा पाय समोर लांब, घाम आलेला. ताटाभोवती ओले कडे, शेजारी भाताची शिते. ताट स्वच्छ होते. आमटीची वाटीसुद्धा पुसून घेतलेली.

"पोटभर जेवलो," ते म्हणाले. "आता उठता येत नाहीये."

शेजारचे गृहस्थ आणि वॉचमन यांनी मिळून त्यांना उचलले. उचलताना ते ओरडले. इतक्या वर्षांत मी त्यांना वेदनेने ओरडताना ऐकले नव्हते. तार सरकली होती. पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली, पुन्हा टाके पडले. गुडघा मात्र पूर्वीसारखा वाकला नाही.

त्यानंतर त्यांनी पाटाचे नाव काढले नाही. आता ते वेळेवर खुर्चीत येऊन बसतात. पाणी फिरवत नाहीत, काही बाजूला काढत नाहीत. थेट जेवायला लागतात आणि वाढलेले सगळे संपवतात. वजनही भरले आहे. डॉक्टर मला शाबासकी देतात. मी मान डोलावते. घरी मात्र त्यांना वाढून झाले की काहीतरी निमित्त काढून मी ओट्याकडे तोंड करते. तो पहिला घास मला पाहवत नाही.