कानबाईच्या गाण्यांचा फोल्डर

इंजिनिअरिंग संपवून मी धुळ्याहून जळगावला आले, तेव्हा आमचं ऑफिस एका प्लायवूडच्या दुकानावर होतं. दोन खोल्या, एक कूलर आणि आम्ही दोघं: भाऊ आणि मी. भाऊ मालक होते, पण चहा तेच करायचे. असोद्याहून मोटरसायकलवर येताना डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी आणायचे. दुपारी डबा उघडला की कीबोर्डलासुद्धा लसणीचा वास लागायचा.

त्या वर्षी आमच्याकडे एक वेगळं काम आलं. एका निवृत्त मास्तरांनी, त्यांना आम्ही नाना म्हणायचो, ऐन तारुण्यात टेपरेकॉर्डर घेऊन गावोगाव बायकांची कानबाईची, म्हणजे खानदेशात श्रावणात बसवतात त्या देवीची, गाणी भरून ठेवली होती. ती सगळी वेबसाइटवर घालायची होती. मी कॅसेट ऐकून फाइली करायचे, भाऊ त्या सर्व्हरवर चढवायचे. प्रत्येक गावाचा एक फोल्डर. वेबसाइटचा प्रोग्रॅम भाऊंनी Node.js मध्ये लिहिला होता. कुणी गाव निवडलं की तो आधी फाइल जागेवर आहे का ते बघायचा. असली तर गाणं लागायचं, नसली तर पाटी यायची: ‘रेकॉर्डिंग उपलब्ध नाही.’

वेबसाइट सुरू झाली आणि थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, एक म्हाताऱ्या अक्का जिना चढून वर आल्या. बरोबर त्यांची सून. एरंडोलजवळच्या खेड्यातून एसटीने आल्या होत्या. पदराने वारा घेत त्या दारातूनच म्हणाल्या, “मन्हा नातू म्हने, आजी, तुन्हा गावनं गानं नही शे. कसं नही? मास्तरनी मन्हा डोयासमोर टेप भरी. मन्ही बहीन गायनी तठे.”

सुनेने हळूच सांगितलं, “त्या मावशी, यांची बहीण, गेल्या उन्हाळ्यात वारल्या. यांना त्यांचा आवाज ऐकायचाय.”

जळगावात आल्यापासून मी पुस्तकी मराठीच बोलत होते. त्या दिवशी मात्र तोंडातून आपोआप घरची अहिराणी निघाली, “अक्का, बठा. आम्ही दखतस.”

अक्कांनी चमकून पाहिलं. “तू कोनता गावनी?”

“धुयानी.”

“मंग ठीक शे,” म्हणाल्या आणि खुर्चीत मांडी घालून बसल्या.

भाऊंनी सर्व्हर उघडला. गावाचा फोल्डर समोर दिसत होता, आत फाइलही होती. नाव बरोबर, अक्षर अन् अक्षर. तरी वेबसाइटवर तीच पाटी. भाऊ डोकं खाजवत म्हणाले, “आपल्याला दिसते, त्याला का दिसत नाही?”

“भाऊ, आपण त्याला विचारतो काय नेमकं?”

त्यांनी ती ओळ दाखवली. तिथे `existsSync` होतं. ते विचारतं, ‘आहे का?’ आणि उत्तर येतं, हो किंवा नाही. बस. मी म्हटलं, “हे का नाही ते सांगतच नाही. कारण सांगणारं काहीतरी वापरून बघू या.” मग आम्ही `access` लावून पुन्हा विचारलं. फाइल खरंच नसती तर `ENOENT` आलं असतं, म्हणजे अशी वस्तूच नाही. आलं ते `EACCES`: आत यायला परवानगी नाही.

भाऊंनी कपाळावर हात मारून घेतला आणि मोठ्याने हसले. काही फोल्डर त्यांनी स्वतःच्या खात्यातून चढवले होते. प्रोग्रॅम वेगळ्या खात्यावर चालायचा आणि त्याला त्या फोल्डरांत शिरताच येत नव्हतं. आत बघता आलं नाही, तरी तो आपला ‘नाही’ म्हणून मोकळा होत होता.

“काय व्हयनं?” अक्कांनी विचारलं.

मी सांगितलं, “अक्का, गानं शे. कुलूप व्हतं.”

भाऊंनी परवानगी बदलली. मी स्पीकरचा आवाज वाढवला आणि कूलर बंद केला.

आधी खरखर आली, मग भांड्यांचा आवाज, मग पाच-सहा बायका एकदम गायला लागल्या. अक्का पुढे वाकून ऐकत होत्या. एवढ्या आवाजांतून त्या एकच आवाज शोधत होत्या. गाणं मधेच अडखळलं, एक बाई खळखळून हसली आणि बाकीच्या तिला ओरडल्या.

“भुलनी!” अक्का टाळी वाजवून म्हणाल्या. “दरसाल अठेच भुले!”

आणि बहीण विसरली ती ओळ त्यांनी स्वतः म्हटली, टेपमधल्या बायकांच्या एक पाऊल मागून. भाऊ चहाचं भांडं हातात धरून तसेच उभे होते. सुनेने डोळे पुसले. अक्का रडल्या नाहीत. त्यांनी ते हसू पुन्हा ऐकलं, मग आणखी एकदा, आणि मग सुनेच्या मोबाइलवर गाणं भरून घेतलं. जाताना माझा नंबरही घेतला.

संध्याकाळपर्यंत आम्ही सगळे फोल्डर तपासले. पहूरकडची दोन गावंही अशीच अडकली होती. ती उघडली आणि भाऊंनी प्रोग्रॅमच बदलला. परवानगीचा घोटाळा असला की आता त्याने ऐकायला आलेल्याला ‘नाही’ सांगायचं नाही, आम्हाला कळवायचं. नानांना फोन करून अक्कांचं सांगितलं, तर ते म्हणाले, “अरे, त्या गावात मला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं.”

भाऊंनी पुढे ऑफिस बंद केलं. आता ते असोद्यात केळीची बाग बघतात. मी पुण्यात एका मोठ्या कंपनीत आहे, तिथे डब्याला कसलाच वास नसतो. पण बरीच वर्षं श्रावणात कानबाई बसली की अक्कांचा फोन यायचा. मी मीटिंगमधून उठून बाहेर जायचे आणि जिन्यात उभी राहून जोरजोरात अहिराणी बोलायचे. येणारेजाणारे वळून बघायचे. अक्का विचारायच्या, “जेवनी का तू?” मी म्हणायचे, “जेवनू, अक्का.” मग त्या त्या वर्षी कोण कोण गायला आलं होतं ते सांगत बसायच्या, आणि मी ऐकत राहायचे.