गोळ्या गरम पडतात

नांदेडच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मी जिवाणू वाढवते. लघवीचा नमुना जिवाणूंचं खाद्य भरलेल्या प्लेटवर ओढायचा, प्लेट उबदार पेटीत ठेवायची आणि वाट पाहायची, एवढंच काम. पण वाट पाहणं आमच्या लोकांना ठाऊकच नाही. रोज कुणीतरी ओळख काढून फोन करतो, "मॅडम, जरा लवकर करा की." अहो, मी काय करणार? एकाचे दोन होण्याआधी त्या जिवाणूला आपल्या डीएनएची अख्खी नक्कल काढावी लागते. आणि त्याची घाई तुमच्यापेक्षा जास्त आहे. नक्कल पुरी व्हायला चाळीसेक मिनिटं लागतात, पण खायला भरपूर असलं की ती संपायच्या आतच तो पुढची सुरू करतो आणि वीस मिनिटांत एकाचे दोन होतात. तरीही डोळ्यांना ठिपका दिसण्याइतके जमायला रात्र जातेच. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलंय.

मागच्या उन्हाळ्यात धाकटा भाऊ मुखेडहून आईला घेऊन आला. थंडी वाजून ताप, लघवीला आग. तिला दवाखान्यात ठेवलं, नमुना माझ्याकडे आला, इंजेक्शनं सुरू झाली. ताप हटेना. डॉक्टर म्हणाले, "संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलाय. रिपोर्ट बघून औषध बदलू." आता भावाचेही फोन सुरू झाले.

"अक्का, तुझ्याच हातात हाय न्हवं सगळं? मग उरक की."

सकाळी प्लेट ठिपक्यांनी गच्च भरली होती. ते जिवाणू दुसऱ्या प्लेटवर पसरले आणि वर निरनिराळ्या औषधांच्या कागदी चकत्या ठेवल्या. जे औषध लागू पडतं त्याच्या चकतीभोवती स्वच्छ कडं राहतं. म्हणजे आणखी एक दिवस. मला भीती वाटत होती, आणि भावावर चिडायलाही तोंड नव्हतं, कारण मीच चारदा त्या पेटीपाशी जाऊन आले.

दुसऱ्या दिवशी एका चकतीला जिवाणू अगदी खेटून वाढलेले दिसले. नक्कल काढताना डीएनएचा पीळ सोडवावा लागतो, ते काम त्या चकतीवरचं औषध एरवी अडवतं. आमच्या गावाकडे लघवीच्या तक्रारीवर ते सर्रास देतात. मी आईला विचारलं, "ही गोळी आधी घेतली होतीस का?"

"हाव. दोन-तीनदा. आराम पडला की बंद करायचे. लई गरम पडतात माय त्या, तोंड येतं."

दर वेळी कमजोर मेले, चिवट तगले, आणि त्या चिवटांच्या नकला निघत राहिल्या. तापानं फणफणलेल्या बाईवर मी ओरडले. नशिबानं दुसऱ्या एका चकतीभोवती रुंद कडं होतं. औषध बदललं, ताप उतरला आणि मी जिन्यात बसून रडले. घरी निघताना तिच्या हातात गोळ्या दिल्या आणि बजावलं, शेवटची संपेपर्यंत घ्यायच्या. मी रोज फोन करायचे.

"घेतलीस का?"

"घेतली की माय."

थोड्या दिवसांनी आईच्या शेजारच्या काकूंचा फोन आला. आवाजात नुसतं कौतुक.

"तुझ्या आईनं दिलेल्या गोळ्यांनी लई आराम पडला बघ. दोनच घेतल्या अन् आग थांबली. बाकीच्या डब्यात ठिवल्यात. तुझ्या आईला कालपासून फिरून ताप हाय, तर त्यातली एक तिला दिऊ का?"