आधी कविता, मग पेढा

कवितेचा तो मोठा पुरस्कार दरवर्षी कुणाला तरी मिळायचा आणि पेढे मात्र परंड्याला आमच्या शाळेत वाटले जायचे. वाटणारे आमचे मराठीचे दिगंबर सर. कवी कोकणातला असो की नागपूरकडचा, सरांची त्याच्याशी ओळख असण्याचा प्रश्नच नव्हता. नाव जाहीर झालं की सर मधल्या सुट्टीत स्टँडजवळच्या दुकानातून कुंथलगिरीचे पेढे आणायचे आणि स्टाफरूमच्या दारात उभे राहायचे. "आधी कविता, मग पेढा," हा त्यांचा नियम. त्या कवीची एक कविता ऐकल्याशिवाय पुड्याची दोरी सुटत नसे.

मी गणिताचा. मला कवितेचं वावडं होतं, पेढ्याचं नव्हतं. "यंदाचा कवी फार लांब लिहितो का हो?" मी विचारायचो. "गणितवाले, तुमच्या प्रमेयापेक्षा आखूडच हाय," म्हणून सर सुरू व्हायचे. वर्गात अगदी शुद्ध बोलणारा हा माणूस कविता वाचून झाली की थेट आपल्या गावच्या, सोनारीच्या बोलीत पोचायचा. "काय लिवलंय बगा. लई दिवस पुरंल आपल्याला."

सर स्वतःही लिहायचे. निवृत्तीच्या तोंडावर त्यांचा एकुलता एक संग्रह आला, आणि त्याच पुरस्काराच्या अंतिम यादीत त्यांचं नाव लागलं. आम्ही हुरळून गेलो. मुख्याध्यापकांनी शाल आणून कपाटात ठेवली. सर वरवर हसण्यावारी न्यायचे, पण फोन वाजला की त्यांचा खडू फळ्यावरच थांबायचा. "एकदा मिळावा हो," एकदा मला हळूच म्हणाले, "खोटं कशाला बोलू."

मिळाला नाही. विदर्भातल्या एका तरुण मुलीला मिळाला. बातमी आली तसे सर उठून बाहेर गेले. ते घरी गेले, असं आम्ही धरून चाललो. सुट्टी संपता संपता सर दारात हजर, हातात नेहमीपेक्षा मोठा पुडा. वाचताना मध्येच त्यांचा आवाज अडकला. कुणी मान वर केली नाही. सरांनी चष्मा पुसला. "थांबा, परत वाचतो. ओळ लई चांगली हाय, वाया जाऊ नये." आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्या दिवशीचा पेढा मी न खाता खिशात ठेवला.

निवृत्तीनंतरही सर पुडा घेऊन येत राहिले. गेल्या उन्हाळ्यात ते वारले. त्यानंतर पुरस्कार जाहीर झाल्याचं मी मोबाईलवर वाचलं आणि पाय आपसूक त्या दुकानाकडे वळले. दुकानदार महादप्पानं तराजू पुढं ओढला, पण पेढ्यांना हात लावला नाही.

"औंदा कुणाला?"

मी नाव सांगितलं.

"मग म्हना की कविता. सर आधी हितंच म्हनायचे. त्याबिगर म्या तोलत न्हाय."

मी मोबाईलवर कविता शोधली आणि आयुष्यात पहिल्यांदा, गिऱ्हाइकांच्या घोळक्यात, मोठ्यानं वाचू लागलो. अर्ध्यातच अक्षरं पुसट झाली आणि मी थांबलो.

"सावकाश वाचा, घाई न्हाय," महादप्पा म्हणाला. "त्यांचं बक्षीस हुकलं त्या साली सरबी हितं असंच वाचता वाचता अडून लई येळ बसून ऱ्हायले होते."

मी चष्मा पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली.