गुणवंतरावांची बिनचावीची गाडी

गुणवंत गजभिये सिंचन खात्यातून बडे बाबू म्हणून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्याजवळ चारचौघांत सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. नोकरीत निदान बदल्यांच्या बातम्या तरी असत. वडील भंडाऱ्याहून जबलपूरला बंदुकीच्या कारखान्यात आले; गुणवंतराव इथेच जन्मले, शिकले, स्कूटरवर ऑफिसला गेले आणि स्कूटरवरच परत आले. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, असं आयुष्य सरळ चाललं होतं. मग इंदूरला नोकरी करणाऱ्या शरयूने, त्यांच्या लेकीने, हट्ट धरून त्यांना नवी पांढरी गाडी घ्यायला लावली, आणि गुणवंतरावांना विषय मिळाला.

या गाडीला चावी लावावी लागत नव्हती. चावी म्हणून एक काळा बिल्ला दिला होता, तो खिशात असला की पुरे. मालक जवळ आला की गाडीचे दिवे लागत, मिटलेले आरसे कान टवकारावेत तसे बाहेर येत. दाराच्या मुठीला हात लावला की दार उघडं, आत बटण दाबलं की इंजिन सुरू. शोरूममधल्या पोराने तासभर माहिती दिली होती. त्यातलं एकच वाक्य गुणवंतरावांनी घरी आणलं, "सर, ये गाड़ी आपको पहचानती है."

नोकरीभर त्यांना कोणी एवढं ओळखलं नव्हतं. एक साहेब तर बदलून जाईपर्यंत त्यांना गणपतराव म्हणत होते.

मग काय, दूधवाल्याला गाडी उघडून दाखवली, गॅसवाल्याला दाखवली. रविवारी बुद्धविहारात वंदना संपली, की माणसं चपला शोधत असतानाच गुणवंतराव त्यांना गाडीपाशी नेत. "पाहा, हात खिशातही घालत नाही मी," म्हणत आणि लांबून चालत येऊन दाखवत. गाडीने डोळे उघडले की त्यांचाही चेहरा उजळे.

"अहो, काहून सगळ्याइले दाखवून राहिले?" विनताताई, त्यांच्या पत्नी, वैतागत. "लोक हसून राहिले मागं."

"हसू दे. त्यांच्या गाड्या त्यांना ओळखत नाहीत ना, म्हणून जळतात."

विनताताईंच्या भाचीचं लग्न ठरलं. साड्या घ्यायला दोघं भर दुपारी बड़ा फुहाऱ्याच्या बाजारात गेले. गाडी बाजूच्या गल्लीत लावली. दुकानात विनताताईंसमोर साड्यांचा ढीग पडू लागला, आणि गुणवंतराव गादीच्या कडेला जांभया देत बसले. एवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला एक तरुण ऑफिसची बॅग घेऊन त्यांच्या शेजारी टेकला.

"अंकल, गली में वो सफेद गाड़ी आपकी है? अभी देखी. क्या शान से खड़ी है!"

गुणवंतरावांची झोप उडाली. "अरे बेटा, शान क्या, अकल देखो उसकी! चाबी लगानी ही नहीं पड़ती."

"सच में? तो चाबी होती कहाँ है?"

"यहाँ," म्हणून गुणवंतरावांनी शर्टाच्या खिशावर थाप मारली. "निकालनी भी नहीं पड़ती. पहचानती है मेरे को."

तरुणाने आदराने मान डोलावली, बॅग मांडीवर घेतली आणि नीट ऐकू यावं म्हणून आणखी जवळ सरकला. इतकं मन लावून गुणवंतरावांचं कोणी ऐकलं नव्हतं. थोड्या वेळाने त्याचा फोन वाजला. तो उठला, चक्क वाकून त्यांच्या पाया पडला आणि गेला.

"पाहिलं? आजकालच्या पोरांवर संस्कार नाहीत म्हणतात," गुणवंतराव विनताताईंना म्हणाले.

पिशव्या घेऊन दोघं गल्लीत आले, तर गाडीच्या जागी फळांची हातगाडी उभी होती. गुणवंतरावांनी खिसा चाचपला. चावी जागेवर होती.

ठाण्यात थानेदाराने विचारलं, "काँच टूटा?"

"नहीं, साहब."

"अलार्म बजा?"

"किसी ने नहीं सुना."

"और चाबी?"

गुणवंतरावांनी चावी टेबलावर ठेवली. थानेदाराने ती उलटून पालटून पाहिली. "तो फिर चोर ने किया क्या?"

गल्लीतल्या बांगड्यांच्या दुकानाबाहेर कॅमेरा होता, त्याने सगळं टिपलं होतं. एक माणूस हातात छोटा डबा घेऊन गाडीपाशी आला. गाडीचे दिवे लागले, आरसे उघडले, आणि तो आत बसून निघून गेला. एका हवालदाराने उलगडून सांगितलं. दुकानातल्या तरुणाच्या बॅगेत यंत्र होतं. त्याने खिशातल्या चावीचा सिग्नल उचलून गल्लीतल्या साथीदाराच्या डब्याकडे पाठवला, आणि मालकच दाराशी उभा आहे असं गाडीला वाटलं.

"त्याच्यासाठीही आरसे उघडले?" गुणवंतरावांनी हळूच विचारलं.

"अहो, गाडी आहे ते!" विनताताई म्हणाल्या.

"माहीत आहे मला." पण त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी जबलपूरजवळच्या पाटणच्या ठाण्यातून फोन आला. गाडी सापडली होती, पेट्रोल पंपावर.

गुणवंतराव गाडीत पेट्रोल नेहमी बेताचंच भरीत. चोरांना पाटणपर्यंतही ते जेमतेम पुरलं. अशी गाडी एकदा सुरू झाली, की चावी दूर गेली तरी चालत राहते, नुसती कुरकुर करते. पण बंद केली की चावीशिवाय पुन्हा सुरू होत नाही. चोरांना हे ठाऊक होतं. पंपावरच्या माणसाला नियम ठाऊक होता.

"इंजन बंद करो भैया, नहीं तो नहीं डालूँगा."

चोरांनी खूप विनवलं. मागे धान्याचे ट्रॅक्टर भोंगे वाजवू लागले. शेवटी गाडी ज्यांनी राजरोस पळवली होती, त्यांनी कायद्याला मान देऊन बटण दाबलं. टाकी भरली, पैसे दिले, आणि गाडी जागची हलेना. ट्रॅक्टरवाले उतरून धक्का द्यायला आले. एकाने विचारलं, "अरे, चाबी कहाँ है?"

"अंकल के पास," इस्त्रीच्या शर्टवाला बोलून गेला.

मग दोघंही पळाले. हा मात्र गाडीत राहिलेला मोबाईल घ्यायला परत आला, आणि ट्रॅक्टरवाल्यांनी त्याला धरून ठेवलं.

गुणवंतराव पाटणला पोहोचले, तेव्हा तो कोठडीत बसला होता. "नमस्ते, अंकल," म्हणाला.

वाटभर गुणवंतरावांनी काय काय बोलायचं ते जुळवून आणलं होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "बेटा, वो डिब्बा कितनी दूर से काम करता है?"

पोरगा खुलला. गजांच्या आतून हातवारे करत समजावू लागला आणि गुणवंतराव गजांना धरून ऐकत राहिले. हवालदाराने हुसकावलं तेव्हा कुठे हलले. बाहेर गाडीने त्यांना पाहून दिवे लावले. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही, मुकाट्याने आत बसले. टाकी काठोकाठ भरलेली त्यांनी प्रथमच पाहिली.

जबलपूरला येताच त्यांनी शोरूमच्या माणसाकडून बिनचावीची सोय बंद करून घेतली. आता चावीवरचं बटण दाबूनच दार उघडतात, आणि बंद केल्यावर मूठ दोनदा ओढून पाहतात.

बोलणं मात्र बंद झालं नाही. भाचीच्या लग्नात वरपक्षाची माणसं त्यांच्याभोवती खुर्च्या ओढून बसली होती. गुणवंतराव रंगात आले होते. "चौघं होते चौघं, चारही बाजूंनी मला घेरलं..."

"दोन होते," बायकांच्या घोळक्यातून विनताताई ओरडल्या. "अन् एक तर तुमच्या पाया पडून राहिला होता!"

"तू साड्या पाहून राहिली होती," गुणवंतराव म्हणाले, आणि खुर्ची वळवून पुढे सांगू लागले.